ताडपत्री राहू दे, आधी पायाखालची ओल बघ

प्रश्न विचारणारा मुलगा नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातला आहे. पुण्यातली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी पाच एकरांवर परत आलाय. आखाड्यावर (शेतातल्या गोठ्यावर) दोन लाल कंधारी गायी, एक म्हैस, अकरा शेळ्या, वीसेक गावरान कोंबड्या. मदतीला फक्त म्हातारी आई. डिसेंबर लागला तशी म्हैस साडेपाच लिटरांवरून तीनवर आली. एका आठवड्यात शेळीची दोन पिल्लं गेली. गायी पहाटे अंग चोरून उभ्या दिसतात. शेजारी ऊसतोड चालू आहे, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) फुकट मिळतात, म्हणून सध्या दावणीला तेच. त्याचे प्रश्न तीन: गोठा चारी बाजूंनी ताडपत्रीने बंद करू का, थंडीत काय खाऊ घालू, आणि दारात व्यापारी आलाय तर म्हैस देऊन टाकू का.

मी अहमदपूर तालुक्यातली. तीस वर्षं दावणीचं करते आहे, अलीकडे गावात पशुसखी म्हणूनही फिरते. तू माझ्या धाकट्याच्या वयाचा दिसतोस, म्हणून सरळ अरे-तुरे करते.

ताडपत्री नको. निदान चारी बाजूंनी तर नकोच.

आपल्याकडची थंडी म्हणजे रात्री पारा आठ-दहावर, परभणीकडे कधी त्याच्याही खाली, आणि दुपारी परत अंगातला सदरा काढावासा वाटेल इतकं ऊन. गायीच्या पोटात वैरण आंबत असते, त्याचीच ऊब तिला रात्रभर पुरते. पोट भरलेलं असलं आणि अंग कोरडं असलं तर आपल्या थंडीला गाय-म्हैस भीक घालत नाही. त्रास होतो तो खालच्या ओलीने आणि कोंडलेल्या हवेने. शेण-मुताची वाफ बंद गोठ्यात साठते, ती फुफ्फुसाला खाते, आणि मग आपण म्हणतो थंडीने न्यूमोनिया झाला.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००९ च्या डिसेंबरात मी स्वतः गोठ्याला चारी बाजूंनी ताडपत्री शिवून लावली होती. आत गेलं की कसं उबदार वाटायचं, सासूबाईंनीही कौतुक केलं. बाराव्या दिवशी देवणी गायीची दीड महिन्याची कालवड ठसकायला लागली, चौदाव्या दिवशी गेली. डॉक्टर आले ते गोठ्यात शिरून लगेच डोळे चोळत बाहेर आले. मला म्हणाले, "ताई, तुम्ही आत उभ्या राहून बघता. एकदा खाली बसून बघा." तू पण बघ. पहाटे पाचला गोठ्यात जा, जनावराचं नाक जिथे असतं तिथे तुझं तोंड आण आणि चार श्वास घे. डोळे चुरचुरले किंवा घसा खवखवला, तर जनावर रात्रभर तेच ओढत होतं.

तुझा गोठा पत्र्याचा असणार. पत्र्याला पहाटे घाम येतो. जनावरांच्या श्वासाची वाफ वर जाऊन थंड पत्र्याला लागते आणि थेंब थेंब पाठीवर पडते. चारी बाजू बंद केल्यास की हा घाम दुप्पट. गायी कुडकुडतात म्हणतोस ना, तर हात लावून बघ, पाठ ओली लागते का. ओली लागली तर तुझं उत्तर तिथेच आहे.

करायचं ते एवढं. वारा उत्तरेकडून आणि पूर्वेकडून लागतो, त्या दोन बाजूंना जमिनीपासून चार फुटांपर्यंत आडोसा. बारदानं दाभणाने शिवून घे, नाहीतर गेल्या वर्षीच्या तुरकाठ्यांचा कूड बांध. पऱ्हाटीचा कूड लोक करतात, मी करत नाही, कारण तिच्यात गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते आणि पुढच्या साली आपल्याच कापसात उतरते. चार फुटांच्या वर, पत्र्याखाली, मोकळं ठेव म्हणजे वाफ निघून जाईल. दक्षिणेची बाजू उघडी, ऊन आत आलं पाहिजे.

मग जमीन. संध्याकाळी पाचला शेण उचललंस, मुताची नाली खराट्याने ओढलीस, जिथे खड्डा पडून डबकं होतं तिथे दोन पाट्या मुरूम टाकून चोपलास, की अर्धा हिवाळा जिंकलास. त्यावर कोरडं अंथरूण टाक: उसाचं पाचट किंवा खाण्यालायक न राहिलेलं सोयाबीनचं भुसकट. सकाळी ओलं झालेलं तेवढंच काढून उकिरड्यावर टाक, खतही चांगलं होतं. आठवड्यातून एकदा चुन्याची फक्की भुरभुरव. शेकोटी गोठ्यात अजिबात नको. धुराने जनावर बेजार होतं, आणि आखाड्यावर कडब्याची गंजी कुठे असते ते तुला माहीत आहे. शेकायचंच असेल तर आपण बाहेर, गंजीपासून लांब, आणि निजायच्या आधी पाणी ओतून.

सकाळी ऊन वर आलं की सगळी जनावरं बाहेर मोकळ्या जागी बांध. म्हशीला धुवायचं तर दुपारी बारा ते दोनमध्ये, तेही रोज नको. मात्र हिवाळ्यात तिच्या अंगावरचे केस वाढतात आणि त्यात उवा होतात, मानेवर आणि शेपटीच्या बुडाशी केस फाकवून बघ. उवांचं औषध डॉक्टरांना विचारून लाव, आणि दुभत्या जनावराचं दूध किती दिवस विकायचं नाही तेही त्यांनाच विचार.

आता म्हैस.

तू लिहिलं नाहीस की ती व्यायला किती महिने झाले. सात-आठ महिने झाले असतील तर ती आटतेच आहे, थंडीचा त्यात दोष नाही. पण आठ दिवसांत अडीच लिटर उतरलं असेल तर दुसरं काहीतरी आहे, आणि माझा पहिला संशय तुझ्या लाईटवर आहे. हसू नको. हरभऱ्याला नाहीतर गव्हाला पाणी द्यायला रात्रीची पाळी असते, तू एकला उठून दारं धरायला जातोस, पहाटे येऊन आडवा होतोस आणि धार साडेपाचऐवजी साडेसातला काढतोस. पुढच्या आठवड्यात लाईट दिवसा आली की परत साडेपाचला. म्हैस सवयीची बाई आहे. वेळ बदलली, हात बदलला, की पान्हा चोरते. दोन-चार दिवस कासेत दूध राहिलं की ती तेवढं दूध करणंच सोडते. रात्रपाळी असेल तेव्हा धार आईला काढू दे, किंवा तुमचा शेजारी बघ, पण वेळ एकच ठेव, दोन धारांमध्ये साधारण बारा तासांचं अंतर.

दुसरा संशय पाण्यावर. दुधात बहुतेक पाणीच असतं, आणि हौदातलं रात्रभर गार झालेलं पाणी म्हैस दोन घोट पिऊन तोंड काढते. विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी पहाटे कोमट येतं, हिवाळ्यात त्यातून वाफ निघताना दिसते. म्हणून हौद संध्याकाळी भरून ठेवू नको, सकाळी ताजा उपसून लगेच पाज. लाईट नसेल तर विहिरीवरून चार बादल्या शेंदून आण. दुपारी ऊन तापलं की परत, संध्याकाळी परत. दुभत्या म्हशीच्या पोटात दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी जायला हवं. दोन दिवस बादल्या मोजून बघ, तुझ्या लक्षात येईल.

तिसरं, कास. थंड कोरड्या वाऱ्याने सडांना चिरा पडतात, धार काढताना दुखतं म्हणून ती लाथ झाडते, आपण घाई करतो आणि दूध आत राहतं. कोमट पाण्याने कास धू, कोरड्या फडक्याने पूस (ओली कास वाऱ्यात सोडू नको, चिरा त्यानेच वाढतात), धार झाल्यावर सडांना थोडं लोणी चोळ. पहिल्या दोन पिळ्या रोज काळ्या वाटीत काढून बघ. कणी, गाठ, पाणचट पिवळं दिसलं किंवा एखादं सड गरम लागलं तर ती दगडी, म्हणजे कासदाह आहे. तिला घरगुती लेप लावत बसू नको, त्याच दिवशी डॉक्टर.

आणि चौथं, वाढे. फुकट मिळतात म्हणून तूच नाही, सगळा ऊसपट्टा हिवाळाभर तेच घालतो. जनावर खातं आवडीने, पोट भरलेलं दिसतं. पण वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि शेणावाटे घेऊन जातं. दुधाला लागणारं कॅल्शियम मग हाडांतून निघतं. पहिले पंधरा दिवस काही कळत नाही, नंतर दूध उतरतं, जनावर रोडावतं, माजावर येत नाही, व्याल्यावर बसकण मारतं. त्यात नुसत्या वाढ्यात प्रथिनंही फार कमी. वाढे बंद कर असं मी म्हणत नाही, आपल्यासारख्याला फुकटची वैरण सोडून चालत नाही. कुट्टी करून घाल, एकूण वैरणीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, वर चुन्याची निवळी शिंपड, आणि प्रत्येक मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि मूठभर मीठ. खनिज मिश्रणाचे पैसे वाचवणारे लोक मी खूप बघितले, तेच पुढे कॅल्शियमच्या बाटल्या लावायला डॉक्टर शोधत फिरतात.

बाकीच्या वैरणीचा हिशेब आत्ताच मांड. नवीन कडबा फेब्रुवारी-मार्चशिवाय येत नाही, हरभऱ्याचं भुसकटही तेव्हाच, म्हणजे डिसेंबर-जानेवारी हे आपले गंजी संपायचे महिने. गायीला दिवसाला ८ किलो कोरडी वैरण धर, म्हशीला ११. दोन गायी आणि एक म्हैस मिळून २७ किलो, नव्वद दिवसांचे साधारण २४ क्विंटल. वाढे आणि हिरवं त्यातून वजा होईल, पण गंजीकडे बघून "पुरेल" म्हणू नको, पेंढीचं वजन करून पेंढ्या मोज. कुट्टी न करता अख्खी ताटं टाकलीस तर धांडे पायाखाली जातात, ते वेगळंच. सोयाबीनचं भुसकट चालतं, त्यातली टरफलं तोंडाला टोचतात म्हणून मिठाचं पाणी शिंपडून तासभर मुरू दे. बुरशीचा वास असलेलं मात्र अंथरुणालाच. वैरणीवर युरिया प्रक्रिया करायला कोणी सुचवेल. ती चांगली आहे, पण प्रमाण चुकलं तर जनावर हातचं जातं. पहिल्यांदा करणाऱ्याने शिकवणारा माणूस समोर उभा असल्याशिवाय करू नये.

पाण्याची सोय आहे तर एक-दोन गुंठे लसूणघास कर. उशीर झालाय, तरी कर. पण तो उपाशी पोटी, दव असलेला, एकदम पाटीभर घातलास तर पोट फुगेल. आधी कडबा, मग सुकवलेला घास. खुराकाचं गणित सोपं आहे: म्हशीला दर दोन लिटर दुधामागे एक किलो, शिवाय तिच्या अंगासाठी एक-दीड किलो. सरकी पेंड, तुरीची चुनी, मक्याचा भरडा, जे स्वस्त पडेल त्याची मिसळ कर, फक्त बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू. लग्नसराईतलं उरलेलं अन्न जनावरापुढे टाकू नको. पोळ्या आणि भात पोटात जाऊन आंबतात आणि जनावर संध्याकाळपर्यंत पाय ताणतं. खळ्यावरची ज्वारी-सोयाबीन मोकळं जनावर खाऊन गेलं तरी तेच. आणि कापणीनंतर ज्वारीच्या धसकटांना कोवळे फुटवे येतील, त्यात सोडू नको, किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागते.

पोटफुगीला आपल्याकडे तेल पाजतात. पाजायला हरकत नाही, डाव्या कुशीत नगारा वाजत असेल तर गायी-म्हशीला दोनशे-अडीचशे मिली गोडेतेल. पण जीभ ओढून, मान आभाळाकडे करून कधी ओतू नको. एकदा माझ्या घाईने तेल शेळीच्या फुफ्फुसात गेलं. फुग्याने मेली नसती, माझ्या हाताने मेली. मान सरळ, तोंडाच्या कडेने, घोट घोट. आणि श्वास लागला असेल तर तेल विसर, १९६२ ला फोन लाव, फिरतं पशुवैद्यकीय पथक त्या नंबरवर आहे.

आता पिल्लं. तुझं पत्र वाचून मला सगळ्यात जास्त त्याचंच वाईट वाटलं, कारण ती दोन वाचण्यासारखी होती.

उस्मानाबादी शेळी जुळी देते, ती आपली दौलत. पण जुळ्यातलं दुसरं बहुतेक वेळा लहान असतं, पहिलं उठून आचळाला लागतं आणि दुसरं पडून राहतं. शेळी पहाटे तीन-चारला विते, तू सहाला बघतोस, तोवर ते ओल्या अंगाने ओल्या जमिनीवर तीन तास पडलेलं असतं. मोठ्या जनावराबद्दल थंडीला घाबरू नको म्हटलं, ते या पिल्लाला लागू नाही. त्याच्या अंगावर चरबी नाही, पोटात वैरण नाही.

वितेपर्यंत पाच महिने लागतात. बोकड कधी लागला ते भिंतीवर कोळशाने लिहून ठेव, म्हणजे कोणत्या आठवड्यात रात्री उठायचं ते कळेल. त्या आठवड्यात शेळीला लांब चरायला नेऊ नको. पिल्लू पडलं की तोंड-नाक पूस, कोरड्या बारदानाने अंग खसाखसा चोळ, नाळेला टिंक्चर आयोडीन लाव, आणि अर्ध्या तासात चीक पोटात गेलाच पाहिजे. दोन-सव्वादोन किलोच्या पिल्लाला पहिल्या दिवसात दोनशे मिलीच्या वर चीक लागतो, चार-पाच वेळा विभागून. दुसऱ्याला आईचा पुरत नसेल तर दुसऱ्या वितलेल्या शेळीचा पिळून दे.

पडलेलं पिल्लू दिसलं की आधी त्याच्या तोंडात बोट घाल. तोंड गरम असेल आणि बोट चोखत असेल तर उपाशी आहे, चीक पाज. तोंड गार लागलं तर चीक पाजू नको. इथेच सगळे चुकतात. गारठलेलं पिल्लू गिळत नाही, ओतलेलं दूध छातीत जातं. आधी ऊब दे: गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून दोन्ही बाजूंना, खाली भुसकट, वर बारदान, डाल्यात ठेवून चुलीजवळ. अर्ध्या-पाऊण तासाने तोंड परत बघ. चोखायला लागलं की मग चीक. असं मेल्यासारखं झालेलं पिल्लू माझ्या माजघरात सकाळी नऊला ओरडत उठलेलं मी कितीदा बघितलंय. पुढचे पंधरा दिवस रात्री डालंच. शंभरचा बल्ब लावायचा तर दोन-तीन फूट उंच आणि वायर पक्की बांधून, भुसकटावर पडला तर आग.

शेळ्या सकाळी साडेनऊ-दहाच्या आत सोडू नको. दव असताना जंताची पिलं गवताच्या टोकाला चढून बसतात, ऊन पडलं की खाली उतरतात. दव वाळू दे, तोवर गोठ्यात शेवरी-सुबाभळीचा पाला टांग. कानाच्या कडांना, तोंडाभोवती खरूज दिसली तर ती शेळी वेगळी बांध, हिवाळ्यात ती कळपभर जाते. आंत्रविषाराची लस गाभण शेळीला वितण्याच्या महिनाभर आधी दिली तर पिल्लांनाही चिकातून बळ मिळतं. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) झाली नसेल तर तीही घे.

कोंबड्यांचं फार मनावर घेऊ नको. दिवस लहान झाला की गावरान अंडी कमी देते. खुराड्यात पहाटे दोन-तीन तास दिवा लावून बघ, खालचा भुसा कोरडा ठेव, मुंगसाची वाट बुजव.

लसीचं मात्र मनावर घे. शेजारी ऊसतोडीचे बैल आहेत म्हणतोस, ते दहा गावं फिरून आलेले असतात. एकाच्या तोंडातून तार लोंबायला लागली की लाळ्या-खुरकूत तुझ्या गव्हाणीपर्यंत यायला दोन दिवस लागत नाहीत. त्यांच्या हौदावर तुझी जनावरं पाजू नको. वाढे आणतोस ते उसाच्या फडातून थेट आण, त्यांच्या बैलांच्या दावणीवरून उरलेले नको. सरकारी दवाखान्यात ही लस वर्षातून दोनदा फुकट मिळते, कानात बिल्ला आहे का तेही बघून घे. गायींना लम्पीची झाली आहे का विचार, २०२२ विसरण्यासारखं नाही.

आणि माळेगावची यात्रा तुझ्या दारात. खंडोबाला जरूर जा, घोडे बघ, जनावरं बघ, दरांचा अंदाज घे. पण यंदा तिथून काही घेऊ नको, तुझा गोठा अजून बसला नाही. घेतलंसच तर घरच्या दावणीपासून लांब, वेगळी बादली, वेगळी गव्हाण, तीन आठवडे. येळवसीला (वेळ अमावस्येला) पाहुणे येतील, तेव्हा आंबील आणि भज्जी माणसांना. प्रेमाने जनावरापुढे पिठाचे उंडे टाकणाऱ्या पोरांवर आईला लक्ष ठेवायला सांग.

राहिला व्यापारी. डिसेंबरात तो का आलाय ते समज. म्हशींचा विण्याचा हंगाम सरत आलेला, गोठ्यागोठ्यांत वैरण आखडलेली, आणि दूध उतरलेली म्हैस बघून माणूस घाबरलेला असतो. तो तुझ्या घाबरण्याची किंमत लावतोय. पण हेच महिने म्हैस माजावर यायचे असतात. तिचा माज मुका, गायीसारखी ती हंबरून गाव जागं करत नाही. रात्री झोपायच्या आधी आणि पहाटे धारेच्या आधी बॅटरी घेऊन मागून बघ: शेपटीला काचेसारखा सोट (चिकट स्राव) लागलाय का, वारंवार थोडं थोडं मुतते का, दूध अचानक चोरलं का. तुझी म्हैस तीन लिटरांवर आली त्यातला एखादा दिवस माजाचाही असू शकतो. तारीख आठवत असेल तर लिहून ठेव आणि तिथून एकवीस दिवस मोज. पहाटे माज दिसला तर संध्याकाळी भरव, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याआधी एकदा डॉक्टरांकडून तपासून घे, कदाचित ती गाभणच असेल आणि तुला माहीतच नसेल.

पंधरा दिवस धारेची वेळ, ताजं पाणी, खनिज मिश्रण एवढंच सांभाळ आणि रोजचं दूध वहीत मांड. व्यापाऱ्याला सांग, संक्रांतीनंतर ये. तेव्हा वही बघून तूच मला कळव, द्यायची की ठेवायची. आणि हो, ती व्यायल्याची तारीख लिही या वेळी.